पहिला आला, पण किती वेळात?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कुठल्याही दैनिकाचं तालुक्याचं पान घ्या. थंडीचे दिवस असले की त्यात एक बातमी हमखास सापडते. अमुक महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याने आंतरमहाविद्यालयीन मैदानी स्पर्धेत 1500 मीटर धावण्यात प्रथम क्रमांक पटकावला. सोबत फोटो : मधोमध प्राचार्य, एका बाजूला संस्थेचे पदाधिकारी, दुसऱ्या बाजूला क्रीडा संचालक आणि अगदी कडेला ट्रॅकसूटमधला तो मुलगा. खाली अभिनंदन करणाऱ्यांची नावं, कधी पाच ओळी, कधी सात. मुलगा किती मिनिटं आणि किती सेकंदांत धावला, हे मात्र कुठेच नसतं.

त्या गाळलेल्या आकड्यात केवढी ताकद असते, याचा विचार करू लागलं की थक्क व्हायला होतं. कुस्तीत किंवा कबड्डीत जिंकणं हे समोर कोण होतं यावर ठरतं. धावणं, उडी आणि फेक यांचं तसं नाही. जामखेडचा मीटर आणि हेलसिंकीचा मीटर एकच, अकोल्याचा सेकंद आणि टोकियोचा सेकंदही एकच. म्हणजे श्रीगोंद्याच्या मातीवर धावणारी मुलगी, तिला ठाऊक असो वा नसो, त्या क्षणी जगातल्या प्रत्येक धावपटूबरोबर धावत असते. ही शर्यत दिसायची तर एकच अट : तिची वेळ कुणीतरी लिहून ठेवली पाहिजे.

आणि ती वेळ खरी ठरावी म्हणून छोट्या कॉलेजच्या मैदानावर काय काय चाललेलं असतं! स्पर्धेच्या आदल्या दिवशी क्रीडा संचालक दोरी, टेप आणि फक्कीचं पोतं घेऊन ट्रॅक आखतात. एका लेनची रुंदी 1.22 मीटर. आतल्या लेनपेक्षा बाहेरच्या लेनची फेरी लांब पडते, म्हणून बाहेरच्या धावपटूला पुढे उभं करावं लागतं. किती पुढे? ज्या ट्रॅकला उंचवट्याची कड नाही, तिथे दर लेनमागे 7.67 मीटर. हा आकडा 1.22 ला पायच्या (π) दुपटीने गुणून येतो आणि त्यात मैदानाच्या आकाराला जागाच नाही. कॉलेजची जमीन अपुरी पडली आणि ट्रॅक 200 मीटरचाच बसला, तरी एका फेरीचा फरक 7.67 मीटर. पृथ्वीच्या परिघाएवढ्या लांबीचा सपाट ट्रॅक आखला, तरी तेवढाच. वर्तुळाच्या परिघाचा जो नियम वर्गात रुक्ष वाटतो, तो इथे पांढऱ्या रेघांत उतरलेला दिसतो.

वेळ मोजणाऱ्या हाताचाही हिशेब ठरलेला आहे. पंच पिस्तुलाचा धूर पाहून घड्याळ सुरू करतात, पण डोळ्याकडून बोटाकडे निरोप जायला थोडा वेळ लागतो. शर्यत संपताना धावपटू समोरून येताना दिसत असतो, त्यामुळे तिथे बोट आधीच तयार असतं. परिणामी हाताने घेतलेली वेळ खऱ्यापेक्षा कमी भरते. म्हणून विजेच्या घड्याळाशी तुलना करताना 100 आणि 200 मीटरच्या वेळेत 0.24 सेकंद मिळवतात, 400 मीटरला 0.14. अशी दुरुस्ती हाताशी असताना साध्या स्टॉपवॉचची नोंद निरुपयोगी कशी म्हणायची?

या मैदानावरून वर जाणारी शिडी लांब आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या स्पर्धांचे विभाग आहेत आणि अहिल्यानगर हा त्यांतला एक. कॉलेजातून विभागात, विभागातून आंतरविभागीय स्पर्धेत, तिथून विद्यापीठाच्या संघात आणि मग अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या, 14 तालुक्यांच्या या जिल्ह्यात पहिली पायरी गाठायलाच पहाटेची एसटी धरावी लागते. शिडीच्या मधल्या पायऱ्यांवर बातमीदार क्वचितच दिसतो. तो वरच्या टोकाशी उभा असतो, आणि त्यामागे मनुष्यस्वभाव आहे. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी 1968 मध्ये विज्ञानजगताबद्दल लिहिताना दाखवलं, की ज्याचं नाव आधीच झालं आहे त्याच्याच पदरात आणखी नाव पडतं. खेळातही तेच घडतं. श्रीरामपूरचा झहीर खान आणि संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला जन्मलेला अजिंक्य रहाणे ही नावं जिल्ह्यात लहान पोरालाही पाठ आहेत. पण दोघांचीही कारकीर्द घडली ती जिल्ह्याबाहेरच्या मैदानांवर. जिल्ह्याच्या मैदानांवर रोज जे घडतं, ते त्याच पोराच्या कानावरही येत नाही.

नगर जिल्ह्याला लागूनच बीडचा आष्टी तालुका आहे. तिथलं मांडवा हे अविनाश साबळेचं गाव. शाळेसाठी तो रोज सहा किलोमीटर पायी किंवा पळत जायचा. बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, आणि स्पर्धेच्या धावण्याकडे 2015 च्या सुमाराला, विशी उलटल्यावर वळला. गोपाळ सैनी यांचा 1981 चा 3000 मीटर स्टीपलचेसचा, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचा, राष्ट्रीय विक्रम 37 वर्षं टिकला होता. 2018 मध्ये भुवनेश्वरला अविनाशने तो मोडला : 8 मिनिटं 29.80 सेकंद. पुढे 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्य मिळवलं. सुवर्ण जिंकणारा केनियाचा अब्राहम किबिवोट त्याच्यापुढे होता 0.05 सेकंदांनी. त्या वेगाने हिशेब केला तर तीन किलोमीटरच्या शेवटी दोघांत अंतर उरलं जेमतेम एक फूट!

आता याच पट्टीने आपल्याकडची पहाट मोजून पाहू. जिल्ह्यातल्या गावोगावच्या रस्त्यांवर आणि कॉलेजांच्या मैदानांवर उजाडण्याआधी शेकडो मुलं-मुली पळत असतात. लोक त्यांना खेळाडू म्हणत नाहीत, ‘भरतीची पोरं’ म्हणतात. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर असतात. 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत आलं तर पूर्ण 20 गुण, म्हणजे 400 मीटरची एकेक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. अविनाशचा 2024 चा विक्रम आहे 8 मिनिटं 9.91 सेकंद. 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या घेऊनही त्याची फेरी सरासरी 65 सेकंदांच्या आसपास पडते. अंतर जवळजवळ दुप्पट, वाटेत 35 उड्या, आणि तरी दर फेरीला बारा सेकंद कमी! आकडे शेजारी ठेवले की अविनाशची थोरवी अंगावर काटा आणते. त्याच वेळी हेही कळतं की भरतीची पोरं त्याच रस्त्यावर आहेत, बरीच मागे असतील, पण त्याच रस्त्यावर. भरतीच्या मैदानावर त्यांचा सेकंद न् सेकंद मोजला जातो, कारण त्यावर नोकरी ठरते. तीच मुलं कॉलेजच्या स्पर्धेत उतरली की बातमीत क्रमांक येतो, वेळ येत नाही. मग घरच्यांनी आणि गावाने खेळाकडे फक्त प्रमाणपत्र आणि नोकरीतलं आरक्षण म्हणून पाहिलं, तर त्यांना दोष कसा द्यायचा? दुसरं काही दिसेल असं आपण छापलंच नाही.

एका कॉलेजची नजर काय करू शकते, हे महाराष्ट्राने पूर्वीच पाहिलं आहे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडहून गोळेश्वरपर्यंत 151 बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण देशाचे डोळे त्या वर्षी हॉकीच्या सुवर्णाकडे लागले होते. दुसरं वैयक्तिक पदक यायला 44 वर्षं गेली, आणि खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या मृत्यूनंतर. खर्डेकरांनी वर्तमानपत्राची वाट पाहिली नाही. आपल्या विद्यार्थ्याची योग्यता त्यांना ठाऊक होती आणि तेवढं त्यांना पुरलं.

नोंद असली की ही योग्यता परक्यालाही दिसते. अमेरिकेत विद्यापीठीय खेळाचे तीन स्तर आहेत. तिसऱ्या स्तरात चारशेहून अधिक छोटी कॉलेजं आहेत आणि तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. कॅमेरेही तिकडे फारसे फिरकत नाहीत, पण प्रत्येक शर्यतीची वेळ शतांश सेकंदापर्यंत टिपून ठेवली जाते. निक सिमंड्स हा ऑरेगनमधल्या विलामेट या अशाच छोट्या कॉलेजचा धावपटू. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो 800 मीटरची अंतिम शर्यत धावला, पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत त्याने रौप्य मिळवलं. कॉलेजचं नाव कुणी ऐकलेलं नसलं तरी चालतं, घड्याळातला आकडा जगात कुठेही वाचता येतो.

माध्यमं आपल्या जिल्ह्यात येतच नाहीत असं नाही. 2025 मध्ये महाराष्ट्र केसरी अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर झाली, तेव्हा राज्यभरचे कॅमेरे हजर होते. किताब पृथ्वीराज मोहोळने जिंकला, पण घराघरांत पोचली ती दुसऱ्याच एका पैलवानाने पंचांना मारलेल्या लाथेची चित्रफीत. कितीतरी पैलवानांच्या वर्षभराच्या मेहनतीवर त्या काही सेकंदांनी पडदा टाकला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक 1842 मध्ये याच नगरातून निघू लागलं. छापील शब्दाची एवढी जुनी परंपरा असलेल्या जिल्ह्यातल्या क्रीडा संचालकांना आणि बातमीदारांना माझी विनंती आहे. पुढच्या हंगामात विजेत्याच्या नावापुढे त्याची वेळ लिहा, उडीचं अंतर लिहा, गोळा किती मीटर गेला ते लिहा, घड्याळ हाताचं होतं की विजेचं तेही लिहा. जागा कमी पडली तर अभिनंदन करणाऱ्यांची एक ओळ कमी करा. आणि वाचकहो, घरातलं कुणी शर्यत पळून आलं, तर कितवा नंबर आला हे विचारण्याआधी वेळ किती लागली ते विचारा, आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा.