एकच वाईन, दोन हंगाम: तुलना करायची कशी?

समजा तुमच्यासमोर लाल वाईनच्या दोन बाटल्या आहेत. नाव, द्राक्ष आणि किंमत तीच. फक्त एकीवर २०१९ लिहिले आहे, तर दुसरीवर २०२०. कोणी म्हणाले, “२०१९ ची जास्त चांगली आहे.” हे विधान तपासायचे कसे? या पाठात वाईन पिणे अपेक्षित नाही. आपला विषय आहे तुलना, आणि रसायन अभियांत्रिकी असो वा अन्नतंत्रज्ञान, तुलनेत होणाऱ्या चुका सगळीकडे सारख्याच असतात.

उदाहरणासाठी टेम्प्रानियो हे स्पेनचे काळे द्राक्ष घेऊ. स्पॅनिशमध्ये ‘तेम्प्रानो’ म्हणजे लवकर. हे द्राक्ष लवकर पिकते, म्हणून हे नाव. स्पेनमधील रिओखा भागाची स्वस्त-महाग लाल वाईन मुख्यतः याचीच असते. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातही त्याची लागवड झाली असून चारोसा वाईनरीने टेम्प्रानियो वाईन बाजारात आणली.

१. बाटलीवरचे वर्ष

हे वर्ष द्राक्षे तोडल्याचे असते, बाटली भरल्याचे नव्हे. युरोपीय संघाच्या नियमानुसार वर्ष छापायचे असेल तर किमान ८५ टक्के द्राक्षे त्या वर्षाची असावी लागतात.

रिओखात वसंतात डोळे फुटतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी होते. नाशिकला वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते. म्हणजे नाशिकच्या ‘२०२०’ च्या घडाचा जन्म २०१९ मधला.

२. पाऊस किती, यापेक्षा पाऊस कधी

२०१८ चा पावसाळा महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत अपुरा होता. २०१९ मध्ये उलट घडले: पाऊस नोव्हेंबरपर्यंत लांबला आणि नाशिकच्या द्राक्षबागांचे मोठे नुकसान झाले. मग २०२० ची वाईन वाईटच असणार का?

घाई करू नका. त्या वेळी छाटणी झालेल्या बागा फुटीच्या किंवा फुलोऱ्याच्या अवस्थेत होत्या. ओलाव्यात डाऊनी रोग पसरतो, घड कुजतात, गळ होते. यात उत्पादन घटते आणि शेतकऱ्याचे वर्ष वाया जाते. पण मण्यांत पाणी उतरून साखर भरते ती पुढे, हिवाळ्यात. वेलीवर कमी घड राहिले आणि नंतर हवा कोरडी राहिली, तर उरलेले घड चांगले पिकू शकतात. शेतकऱ्यासाठी वाईट गेलेले वर्ष वाईनसाठी वाईटच असेल असे नाही.

रिओखात पाऊस तोडणीच्या तोंडावर पडला की मणी फुगतात, साखर विरळ होते, सड लागते. २०१३ चा हंगाम तिथे थंड, पावसाळी आणि उशिराचा होता. रिओखाच्या नियामक मंडळाने त्या वर्षाला ‘चांगले’ ही श्रेणी दिली, तर २०१० ला ‘उत्कृष्ट’. अर्थात ही श्रेणी संपूर्ण प्रदेशाची असते, तुमच्या हातातल्या बाटलीची नाही.

३. मोजता येणारे फरक

साखर: रसातील साखर ब्रिक्समध्ये मोजतात. किण्वनात १८० ग्रॅम ग्लुकोजपासून सिद्धांततः ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. ढोबळ अंदाजासाठी ब्रिक्सला ०.५५ ने गुणा. २२ ब्रिक्सच्या रसातून सुमारे १२.१ टक्के अल्कोहोल, २४ ब्रिक्समधून सुमारे १३.२ टक्के.

आम्ल: मणी पिकताना उष्णतेने मॅलिक आम्ल लवकर खर्च होते, टार्टारिक तुलनेने टिकते. म्हणून उष्ण वर्षी आंबटपणा कमी, पीएच जास्त. पीएच ३.४ आणि ३.७ यांत फरक किरकोळ वाटतो. पण हे प्रमाण लॉगॅरिदमिक आहे. ३.४ ला हायड्रोजन आयन जवळजवळ दुप्पट असतात. जंतूंना रोखणारा सल्फर डायऑक्साइडचा रेणूरूप भागही ३.७ ला जवळजवळ निम्मा होतो, म्हणजे तीच मात्रा कमी उपयोगाची ठरते.

रंग आणि तुरटपणा: लाल रंग सालीतील अँथोसायनिनमुळे, तुरटपणा साल आणि बियांतील टॅनिनमुळे. पिकण्याच्या काळात फार उष्णता असेल तर रंग कमी भरतो.

४. हंगाम की वय?

समजा दोन्ही बाटल्या २०२१ मध्ये उघडल्या. एक दोन वर्षांची, दुसरी एक वर्षाची. चवीत फरक आढळला तर तो हंगामाचा की वयाचा? दोन कारणे एकमेकांत मिसळली आहेत. वेगळी करायची तर दोन्हींची नोंद सारख्याच वयाला हवी: २०१९ ची २०२१ मध्ये, २०२० ची २०२२ मध्ये. पण मग परीक्षक आणि दिवस बदलतात. म्हणून प्रयोगशाळेतील मोजमापांची नोंद दरवर्षी ठेवतात.

तिसरे कारण साठवणीचे. रायपूरला मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. तापमान १० अंशांनी वाढले की अनेक रासायनिक अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. एक उन्हाळा पत्र्याच्या गोदामात काढलेली बाटली आपल्याला हंगामाबद्दल काहीच सांगत नाही. ती फक्त गोदामाबद्दल सांगते.

आणि ‘जुनी ती चांगली’ हा समज स्वस्त वाईनला सहसा लागू पडत नाही. ती लवकर पिण्यासाठीच बनवलेली असते. उत्पादक निरनिराळ्या बागांचा माल मिसळून दरवर्षी चव सारखी ठेवण्याचा प्रयत्नही करतो. त्यामुळे तिच्यात हंगामाचा फरक पुसट असतो.

५. फरक खरा आहे का?

यासाठी त्रिकोण चाचणी वापरतात. लेबल न दाखवता तीन पेले द्यायचे: दोन सारखे, एक वेगळा. वेगळा ओळखायचा. निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता १/३. बारा परीक्षकांपैकी सरासरी चार जण नुसत्या नशिबाने बरोबर ठरतील. सात किंवा अधिक जण नशिबाने बरोबर येण्याची संभाव्यता सुमारे ०.०६६, आठ किंवा अधिकांची सुमारे ०.०१९. म्हणून ०.०५ ही मर्यादा धरली तर सात पुरेसे नाहीत, आठ हवेत. बारापैकी सात म्हणजे निम्म्याहून जास्त, तरीही पुरावा अपुरा! आणि आठ आले तरी सिद्ध होतो तो फरक. कोणती चांगली, हे नव्हे.

सारांश

एका बाटलीवरून वर्षाचा निकाल लावू नका. आधी फरक आहे का ते तपासा, मग वय आणि साठवण वगळा, मगच हंगामाकडे बोट दाखवा.

स्वाध्याय

१. एकाच कंपनीच्या, वेगवेगळ्या उत्पादन-तारखांच्या दोन पाकिटांतून बिनदुधाचा चहा करा. पाणी, पूड, वेळ आणि तापमान सारखे ठेवून बारा मित्रांवर त्रिकोण चाचणी घ्या.
२. नऊ जणांनी बरोबर ओळखले तर ते नशिबाने घडण्याची संभाव्यता द्विपद वितरणाने काढा.
३. पेल्यांचा क्रम प्रत्येकासाठी का बदलावा? तीन वाक्यांत लिहा.