जुन्या व्हायोलिनचा भाव आणि लाकडातली वर्षे

वस्तू जुनी झाली की तिचा भाव उतरतो, हा आपला नेहमीचा अनुभव. सायकल असो वा शिवणयंत्र, दहा वर्षे वापरल्यावर त्याला निम्मी किंमतही येत नाही. याला एक ठळक अपवाद आहे. इटलीतील क्रेमोना या गावी सतराव्या-अठराव्या शतकात तयार झालेल्या व्हायोलिनांचा भाव वर्षागणिक चढतच गेला आहे. या कारागिरांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे अंतोनिओ स्ट्रॅडिव्हारी. तो १७३७ मध्ये वारला. त्याने केलेल्या वाद्यांपैकी सुमारे साडेसहाशे आज शिल्लक आहेत. त्यांत आता नव्याने भर पडणार नाही. मागणी मात्र जगभरातून आहे.

वाढ किती, ते मोजू या

स्ट्रॅडिव्हारीने १७२१ मध्ये केलेले 'लेडी ब्लंट' नावाचे व्हायोलिन १९७१ मध्ये लंडनच्या लिलावात ८४,००० पौंडांना विकले गेले. मध्यंतरी त्याचे मालक बदलले. २०११ मध्ये जपानमधील भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी ते पुन्हा लिलावात आले, तेव्हा त्याला सुमारे ९८ लाख पौंड मिळाले. म्हणजे ४० वर्षांत किंमत जवळजवळ ११७ पट झाली.

आकडा डोळे दिपवणारा आहे. पण त्याचा वार्षिक दर काढून पाहू. रक्कम सात वेळा दुप्पट झाली तर ती १२८ पट होते. म्हणजे येथे ती सातपेक्षा किंचित कमी वेळा दुप्पट झाली. एकदा दुप्पट व्हायला पावणेसहा वर्षे लागली. चक्रवाढीचा सोपा नियम असा, की ७२ ला वर्षांच्या संख्येने भागले की व्याजाचा दर मिळतो. तो येथे साडेबारा टक्क्यांच्या आसपास येतो.

आता महागाईचा विचार करू. याच ४० वर्षांत ब्रिटनमधील सर्वसाधारण किमती सुमारे अकरा-बारा पट झाल्या. ती वाढ वजा केली तर व्हायोलिनचे खरे मोल दहापट झाले आणि खरा दर सहा टक्क्यांच्या जवळ आला. शिवाय हे उदाहरण अत्यंत नामांकित वाद्याचे आहे. ग्रॅडी आणि मार्गोलिस या अभ्यासकांनी १८५० पासूनच्या दीडशेहून अधिक वर्षांतील विक्रीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा महागाई वजा जाता वार्षिक वाढ सरासरी साडेतीन टक्के निघाली. त्यातून विमा, दुरुस्ती आणि विक्रीच्या वेळची दलाली जाते. वाद्य घरात ठेवून व्याजही मिळत नाही.

भाव आवाजाचा की नावाचा?

जुन्या वाद्याचा आवाज नव्याला येत नाही, असे सर्रास सांगितले जाते. क्लोदिया फ्रिट्झ आणि तिच्या सहकाऱ्यांनी हा समज पारखून पाहिला. २०१० मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे २१ कसलेल्या वादकांना तीन जुनी आणि तीन नवी व्हायोलिने वाजवायला दिली. खोलीत अंधूक प्रकाश होता, वादकांच्या डोळ्यांवर काळे चष्मे होते आणि जुन्या लाकडाचा वास कळू नये म्हणून वाद्यांना अत्तर लावले होते. सर्वाधिक पसंती मिळाली ती एका नव्या व्हायोलिनला; सर्वांत कमी पसंती मिळालेले वाद्य स्ट्रॅडिव्हारीचे होते. वादक थोडे आणि वाद्येही थोडी, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. पण पुढे पॅरिसजवळ, अधिक वाद्ये घेऊन केलेल्या प्रयोगातही जुन्या वाद्यांची सरशी झाली नाही.

यावरून जुनी वाद्ये वाईट ठरत नाहीत. एवढेच दिसते, की पैसे मोजले जातात ते मुख्यतः दुर्मिळतेला आणि कारागिराच्या नावाला. मग ते नाव खरे कशावरून, हाच कळीचा प्रश्न उरतो. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांतून निघालेल्या हजारो स्वस्त व्हायोलिनांच्या पोटातही स्ट्रॅडिव्हारीच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली असते!

लाकूड देते साक्ष

येथे वनस्पतिशास्त्र मदतीला येते. व्हायोलिनची वरची फळी स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाची असते. थंड प्रदेशात हे झाड दरवर्षी एक वर्तुळ वाढवते. चांगल्या हंगामात ते रुंद, वाईट हंगामात अरुंद. फळी अशी कापलेली असते की ही वर्तुळे पृष्ठभागावर बारीक समांतर रेषांसारखी दिसतात. त्यामुळे वाद्याला धक्का न लावता रेषांमधील अंतरे मोजता येतात. आल्प्स पर्वतातील झाडांच्या वर्तुळांचा वर्षवार आलेख तयार आहे. त्याच्याशी ही अंतरे जुळवली की प्रत्येक रेषेचे साल कळते.

ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयातील 'मसाया' या व्हायोलिनवर १७१६ हे साल आहे. छायाचित्रांवरून केलेल्या एका मोजणीत त्याचे लाकूड स्ट्रॅडिव्हारीच्या मृत्यूनंतरचे निघाले आणि ते बनावट असल्याची शंका आली. पुढे प्रत्यक्ष वाद्यावर मोजणी झाली. वर्तुळे १५७७ ते १६८७ या काळातील निघाली आणि त्या शंकेचा आधारच गेला.

पण या पुराव्याची मर्यादाही समजून घ्यायला हवी. शेवटचे वर्तुळ चिठ्ठीवरील सालानंतरचे असेल, तर चिठ्ठी खोटी हे नक्की. ते आधीचे असेल, तर चिठ्ठी खरी असू शकते, इतकेच. कारण जुने लाकूड घेऊन नंतरचा कारागीरही वाद्य करू शकतो. म्हणून कारागिरीची लकब, वार्निश आणि मालकीची कागदपत्रे हे सारे एकत्र पाहावे लागते.

वर्गात करून पहा

आलेखाच्या कागदाच्या पट्टीवर कमी-अधिक अंतरांवर चाळीस रेषा काढा. मधल्या सलग पंधरा रेषा दुसऱ्या पट्टीवर उतरवा आणि त्या पहिल्या पट्टीवर नेमक्या कोठे बसतात, ते विद्यार्थ्यांना शोधू द्या. मग केवळ तीनच रेषा देऊन पहा. त्या अनेक ठिकाणी बसल्यासारख्या वाटतील. लहान तुकड्यावरून साल का सांगता येत नाही, हे मुलांना आपोआप कळेल. सुताराकडून सागवानाचा आडवा छेद मिळाला तर फारच उत्तम. सागाची वार्षिक वर्तुळे स्पष्ट दिसतात.