पाण्यावरचा पाठीराखा

आपल्याकडे जुन्या पिढीतली पुष्कळ मंडळी पोहायला शिकली ती भोपळ्याच्या जिवावर. वाळलेले, पोकळ, हलके भोपळे दोरीने पाठीला बांधायचे, ‘जय बजरंग’ म्हणायचे आणि विहिरीत उडी टाकायची! नदी उतरायला अशाच भोपळ्यांची सांगड करीत. पुढे भोपळ्याच्या जागी पत्र्याचा डबा आला, मग मोटारीची ट्यूब आली; पण तत्त्व एकच. हवेला पाण्यावर राहायचे असते आणि तिला धरून ठेवणाऱ्यालाही ती वर ठेवते.

या भोपळ्याच्या एका परदेशी भाच्याची हकीगत आज वाचकांना सांगणार आहे. त्याचे नाव बोया. पाण्याखाली बुडी मारून भाल्याने मासे टिपणारे शिकारी तो आपल्यामागे दोरीने ओढीत नेतात. तुम्ही म्हणाल, ‘पुण्याच्या माणसाला ही उठाठेव कशाला?’ तर चाळीस वर्षे मी रबरी आणि प्लॅस्टिकच्या मालाचे दुकान चालविले. फुगणारी वस्तू दिसली की माझा हात आपोआप तिच्या शिवणीवरून फिरतो. अशात गेल्या वर्षी भाचीकडे इटलीत, जिनोआला, दोन महिने राहण्याचा योग आला. जावईबापू मूळचे मालवणचे. नोकरी संशोधनाची, पण रक्तातला समुद्र जातो कुठे? तिथल्या शेजाऱ्यांच्या संगतीने त्यांना या शिकारीचा नाद लागला होता.

जिनोआ हे या नादाचे माहेरघरच म्हणायला हरकत नाही. पाणबुड्यांचे चष्मे, पायातले पंख आणि भालाबंदुका तयार करणारी ‘क्रेसी’ ही पेढी 1946 साली याच शहरात निघाली, आणि ‘मारेस’ 1949 साली जवळच्या रापाल्लो गावी. त्याही आधी, 1938 साली, गाय गिलपॅट्रिक नावाच्या अमेरिकन लेखकाने शेजारच्या फ्रेंच किनाऱ्यावरील या शिकारीवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले होते. खेळाचा नियम असा की पाठीवर हवेची नळकांडी घ्यायची नाहीत. छातीत मावेल तेवढा श्वास, आणि तो पुरेल तेवढीच बुडी! इटलीत तसा कायदाच आहे.

बोया कशासाठी?

श्वास रोखून माणूस खाली गेला की पाण्यावर त्याची खूण म्हणून काही उरत नाही. वरून मोटरबोटी भरधाव जात असतात. दीडदोन मिनिटांनी तो नेमका कुठे वर येणार, हे बोट हाकणाऱ्याला कसे कळावे? आणि बोटीच्या पंख्याखाली सापडलेल्या माणसाचे काय होते, ते दिवाळीच्या अंकात न लिहिलेलेच बरे. म्हणून इटलीच्या 1968 सालच्या मच्छीमारी नियमावलीने प्रत्येक पाणबुड्यावर बोयाची सक्ती केली आहे. त्यावर तांबडे निशाण, त्यात पांढरा तिरपा पट्टा. ते 300 मीटरांवरून दिसले पाहिजे, आणि पाणबुड्याने त्यापासून 50 मीटरांच्या आत राहिले पाहिजे. सूर्यास्तानंतर शिकार बंद. सोळा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भालाबंदूक द्यायची नाही. मासळीवरही मर्यादा आहे. दिवसाला पाच किलो, फक्त एखादाच मासा त्याहून मोठा निघाला तर गोष्ट वेगळी. आणि आपल्या गोबऱ्याच्या जातभाईंपैकी दिवसाला एकच.

बोयाची आणखीही कामे आहेत. दमलेल्या माणसाला टेकायला तो आधार होतो. मारलेला मासा कमरेला न बांधता त्याला अडकवता येतो. बंदुकीची दोरी त्याला बांधली असली तर मोठा मासा बंदूक घेऊन पळाला, तरी ती हरवत नाही.

निवड कशी करावी?

दुकानात तीन प्रकारचे बोये दिसले. पहिला चेंडूसारखा गोल. तो स्वस्त आणि घडी केली की पिशवीत मावणारा. पण ओढताना पाणी फार अडवतो. दुसरा लांबट, टोकदार. तो पाणी कापीत सहज मागे येतो, म्हणून लांब पोहणाऱ्याला हाच बरा. तिसरा पाटासारखा चपटा. त्यावर पाण्याची बाटली, दुसरी बंदूक, मासळीची दोरी असा सारा संसार मांडता येतो. मात्र वारा सुटला की तो भरकटतो आणि मालकालाही ओढतो.

आकारापेक्षा महत्त्वाचे आहे कापड. नुसत्या पीव्हीसीचा बोया म्हणजे मुलांच्या पोहण्याच्या चक्राचाच थोरला भाऊ. खडकाला घासला की संपला. नायलॉनच्या कापडावर पीव्हीसीचा किंवा पॉलियुरेथेनचा लेप दिलेला माल अधिक टिकतो. काही बोयांत बाहेर जाड कापडाची खोळ आणि आत वेगळा फुगा असतो, फुटबॉलसारखा. हा प्रकार मला सर्वांत पटला. आतला फुगा फुटला तर तेवढाच बदलता येतो.

आता थोडा हिशेब. एक लिटर हवा पाण्यात साधारण एक किलो वजन तोलून धरते. म्हणजे बारा लिटरांचा बोया बारा किलोंचा भार पेलतो. पण मोठ्या माशाने त्याला खाली ओढले तर? दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. मऊ बोयातली हवा निम्म्या जागेत दबते आणि जोर सहा किलोंवर येतो. वीस मीटरांवर तो चारच किलो उरतो! बोया जितका खाली जाईल तितका दुबळा. म्हणूनच खोल समुद्रात मोठ्या माशांमागे जाणारे शिकारी खूप दाबाने हवा भरता येईल असे मजबूत बोये वापरतात. ते लवकर चेपत नाहीत.

घेताना चार गोष्टी बघाव्यात. रंग तांबडा, नारिंगी किंवा पिवळा असावा. निळा बोया समुद्रात दिसत नाही. निशाण उभे राहावे म्हणून खाली लहानसे वजन असावे. दोरी अडकवायची कडी नुसती चिकटवलेली नसावी, रुंद पट्टीवर बसवलेली असावी. आणि दोरी जिथे बुडी मारायची तिथल्या खोलीपेक्षा लांब असावी. बाकी झगमगाटाचे पैसे देऊ नयेत.

ठिगळाची विद्या

सप्टेंबरातल्या एका शनिवारी रात्री जावईबापूंनी बोया फुगवून व्हरांड्यात ठेवला, तो तासाभरात मलूल झाला.

“असू द्या, मामा,” ते म्हणाले, “उद्या सकाळपुरता चालेल. निशाण दिसलं म्हणजे झालं.”

भाची काही बोलली नाही. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात सगळे आले.

“जावईबापू,” मी म्हटले, “बोया निजला की निशाणही निजतं. आणा इकडे.”

प्रथम बोया खरोखरच गळतो आहे का, हे पाहावे. दुपारच्या उन्हात फुगवलेला बोया रात्रीच्या गारव्यात आपोआप सैल पडतो. त्याला भोक असतेच असे नाही. हा मात्र तासाभरात बसला होता, तेव्हा शंकेला जागा नव्हती. बादलीत साबणाचा फेस केला आणि स्पंजाने आधी झडपेवर, मग शिवणींवर, शेवटी साऱ्या अंगावर लावला. झडपेत पुष्कळदा वाळूचा एखादा कण अडकलेला असतो. गोड्या पाण्याने धुतले की काम भागते. इथे तसे नव्हते. पोटाकडच्या बाजूला मोहरीएवढे बुडबुडे उठू लागले. तिथे खूण केली, हवा सोडली आणि कापड कोरडे केले.

“सायकलचं सोल्युशन आहे घरात,” जावईबापूंनी उत्साहाने सुचवले. इथेच निम्मे लोक फसतात. ते सोल्युशन रबरासाठी आहे. पीव्हीसीवर ते बसल्यासारखे दिसते आणि चार दिवसांत पापुद्र्यासारखे सुटून येते. झटपट चिकटणारा डिंकही नको. तो वाळून काचेसारखा कडक होतो आणि घडी पडताच तडकतो. सिलिकॉन तर मुळीच लावू नये, कारण त्याच्यावर पुढे दुसरे काही चिकटत नाही. पीव्हीसीला पीव्हीसीचाच डिंक आणि पीव्हीसीचेच ठिगळ, पॉलियुरेथेनला पॉलियुरेथेनचे. सोयरीक बरोबरीत व्हावी, हे इथेही खरे.

शेजारच्या इटालियन आजोबांकडे योग्य डिंकाची नळी निघाली. ठिगळ गोल कापले, कारण कोपरा असला की तो आधी उचलतो. भोकाच्या चहूबाजूंनी ते अडीच सेंटिमीटर तरी पुढे आले पाहिजे. दोन्ही पृष्ठभाग बारीक पॉलिशकागदाने हलके खरवडले आणि ॲसिटोनच्या बोळ्याने एकदाच पुसले. खिडकी उघडी ठेवून दोन्हीकडे डिंकाचा पातळ हात दिला, वाळू दिला, पुन्हा दिला. बोटाला चिकचिकीत लागू लागला तेव्हा ठिगळ बसवून चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे दाबत नेले, म्हणजे आत हवा राहत नाही. वर इटालियन शब्दकोश ठेवला. त्याचा घरात तेवढाच उपयोग होता.

“झालं!” जावईबापू म्हणाले, “सकाळी सहाला निघू.”

“चोवीस तास हात लावायचा नाही,” मी म्हटले. “उद्याचा रविवार घरी.”

त्यांचा चेहरा पडला. पण भाचीने चहा टाकला आणि पहिल्यांदा हसली.

एक गोष्ट सांगून ठेवतो. शिवणच उसवली असेल, किंवा उन्हाने कापड कडक होऊन घडीवर बारीक चिरा पडल्या असतील, तर ठिगळाच्या भरीस पडू नये. असा बोया टाकून द्यावा.

पुढच्या रविवारी नेर्वीच्या पलीकडच्या एका खडकावर भाची आणि मी बसलो होतो. जावईबापू खाली गेले की भाची ओठांतल्या ओठांत आकडे मोजायची. समोर निळ्या पाण्यावर तेवढा एक नारिंगी ठिपका आणि त्यावरचे निशाण. ती साठपर्यंत पोचली असेल नसेल, तोच उजवीकडून एक पांढरी मोटरबोट सरळ त्या दिशेने येऊ लागली. भाचीने माझे मनगट धरले. मोजणे थांबले. ओरडून उपयोग नव्हता. इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? बोट हाकणारा एकदम उठून उभा राहिला, त्याने निशाणाकडे पाहिले, वेग कमी केला आणि लांब वळसा घेऊन निघून गेला. थोड्याच वेळात बोयाशेजारी एक काळे डोके वर आले. त्या डोक्याला यातले काहीच ठाऊक नव्हते!

निगा

समुद्रातून आल्यावर बोया गोड्या पाण्याने धुवावा, सावलीत वाळवावा आणि सैल गुंडाळून ठेवावा. फुगवलेला बोया उन्हात किंवा मोटारीत विसरू नये. 20 अंशांवर 1.1 वातावरणाच्या दाबाने भरलेली हवा 45 अंशांवर 1.19 पर्यंत जाते. आकडा लहान दिसतो. पण बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाब, म्हणजे शिवणीवर पडणारा ताण, जवळजवळ दुप्पट झालेला असतो. दुपारी खडकावर फाटणारे बोये असे फाटतात.

मुख्य म्हणजे बोया हा खुणेचा आणि टेकण्याचा सोबती आहे. श्वास रोखून बुडी मारणाऱ्याला वर येताना शुद्ध हरपण्याचा धोका असतो, आणि तेव्हा बोया काही करू शकत नाही. तिथे जोडीदारच लागतो. एकाने बुडी मारावी, दुसऱ्याने वर राहून लक्ष ठेवावे, हा नियम कोणत्याही सामानापेक्षा मोठा.

वाचकांपैकी भालाबंदूक घेऊन कोण निघणार आहे? पण सुटीत मुलांना घेऊन तारकर्लीला किंवा गोव्याला पुष्कळ जण जातील, आणि बरोबर फुगणारी चक्रे असतीलच. ती आदल्या दिवशी फुगवून साबणाच्या फेसाने तपासा, ठिगळ लावायचे तर चोवीस तास धीर धरा, आणि मूल चक्रात असले तरी हाताच्या अंतरावरून हलू नका. चक्र हे खेळणे आहे. पाठीराखे आपणच व्हायचे असते.