दगडातल्या चौकटी, माशावरचा देव आणि नागराज

अद्भुत चित्रकथा म्हटलं की हल्ली पोरं थेट जपानला पोचतात. त्याआधी एकदा कर्जत लोकल पकडा आणि अंबरनाथला पूर्वेला उतरा. वालधुनीच्या काठी जी चित्रकथा उभी आहे, ती शके ९८२ची, म्हणजे इ. स. १०६०ची. शिलालेखातच तसं कोरलंय. शिलाहार राजा मम्वाणीच्या काळात हे शिवालय पूर्ण झालं. काळा कातळ, भूमिज शैली, शिखर मात्र आज अपुरं. गाभारा पायऱ्या उतरून खाली.

खरी गंमत बाहेरच्या भिंतीत आहे. ही भिंत सरळ चालतच नाही, पावलोपावली मोडते, एकदा पुढे येते, एकदा मागे सरते. प्रत्येक मोडीवर एक आकृती. आपण प्रदक्षिणेला निघालो की उजव्या हाताला एकेक चौकट उलगडत जाते. त्यातही शिवाची प्रदक्षिणा पुरी करायची नसते. गोमुखापाशी थांबून उलट फिरायचं. म्हणजे तीच चित्रं दुसऱ्यांदा, उलट्या क्रमाने आणि वेगळ्या उजेडात! मघाशी सावलीत बुडालेला हात आता उठून दिसतो. मला तर ही रचना छापील पानाहून हुशार वाटते.

कोरीवकामात बटबटीत डोळ्यांची, जबडा वासलेली, धड नसलेली तोंडं शोधा. हे कीर्तिमुख. याची गोष्ट कुठल्याही राक्षसकथेच्या तोंडात मारेल अशी आहे. जालंधर दैत्याने राहूला दूत करून शिवाकडे पाठवलं, निरोप असा की पार्वती मला देऊन टाक. शिवाच्या भुवयांमधून एक भुकेलं भूत बाहेर पडलं आणि राहूवर धावलं. राहू पाया पडून सुटला. भूत म्हणालं, आता मी खाऊ काय? शिव म्हणाला, स्वतःलाच खा. त्याने हात, पाय, पोट, सगळं फस्त केलं आणि उरलं नुसतं तोंड. खूश होऊन शिवाने त्याला दाराशी कायमची जागा दिली.

गजासुरवधापाशीही थांबा. मारामारीचा क्षण दाखवणं कुणालाही जमतं. आपल्या शिल्पकारांच्या परंपरेने त्याच्या पुढचा क्षण निवडला: हत्ती मेलाय, आणि त्याचं सोललेलं कातडं शिवाने दोन हातांनी डोक्यामागे ताणून धरलंय. त्या कातड्याची कमान होते आणि नाचणारा शिव तिच्या आत बसतो. खलनायकाचीच चौकट केली! चित्रकथा काढू पाहणाऱ्या प्रत्येकाने ही युक्ती वहीत उतरवून घ्यावी.

उतरवून घेतलीही होती म्हणा. १८५७ला सुरू झालेल्या जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना मुंबई सरकारने १८६८मध्ये इथेच पाठवलं होतं. मंदिराची रेखाटनं करा, नक्षीचे साचे घ्या, असं काम होतं. म्हणजे जे. जे.च्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांचे हात अंबरनाथच्या दगडावर फिरलेत.

एक स्टेशन मागे या. १९४९मध्ये निर्वासितांच्या छावणीचं उल्हासनगर झालं, आणि सिंधी कुटुंबांनी सोबत आणला झूलेलाल. पांढरी दाढी, मांडी घालून कमळावर बसलेला, आणि कमळाखाली मासा! हे चित्र कॅम्प एकपासून पाचपर्यंत दुकानांच्या गल्ल्यांवर दिसेल. तो मासा म्हणजे पल्ला, बंगाल्यांचा इलिश. अंडी घालायला तो समुद्रातून नदीत, प्रवाहाच्या उलट पोहत जातो. सिंधूच्या देवाला याहून शोभणारं वाहन कुठलं? कथेत ठठ्ठ्याचा बादशहा मिरखशाह बाळ उदेरोलालकडे, म्हणजे झूलेलालकडेच, वजीर धाडतो. वजीर बघतो तर पाळण्यातल्या बाळाचा बघता बघता म्हातारा होतो, म्हाताऱ्याचा तरुण, आणि तरुण तलवार उपसून घोड्यावर! चार चौकटी आयत्या तयार आहेत. झूलेलालच्या जयंतीच्या, म्हणजे चेटीचंडच्या मिरवणुकीतले देखावे बघायला मुलांना जरूर न्या.

चौकटी सुट्या करून गावोगाव फिरवायची कल्पनाही आपलीच. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एकेक चित्र समोर धरून, वाद्याच्या साथीने रामायण-महाभारत सांगतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, त्यामुळे पान उलटलं की पुढचा प्रसंग हजर. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

मग छापखाना आला. ‘चांदोबा’ मासिक मराठीत आलं १९५२मध्ये. खांद्यावर प्रेत, हातात तलवार घेतलेला विक्रम राजा काढला शंकर यांनी, आणि पुढच्या कित्येक पिढ्यांचा विक्रम तसाच दिसत राहिला. १९६४मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने फँटमला वेताळ केलं आणि त्याचा देश बंगाला बदलून डेंकाली केला. ‘अमर चित्र कथा’ १९६७ची. तिच्यातला कृष्ण राम वाईरकरांच्या हातचा. आणि हिंदी कॉमिक्सचा बादशहा नागराज, १९८६चा, ज्याच्या मनगटातून साप निघतात? त्याला पहिलं रूप दिलं आपल्या पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी. हे नाव शाळेच्या चित्रकलेच्या तासाला का घेतलं जात नाही, कळत नाही.

राहिलं अंबरनाथच्या पुढचं स्टेशन, बदलापूर. जुनी मराठी पुस्तकं, मासिकं चाळायची असतील तर श्याम जोशी यांनी उभं केलेलं ‘ग्रंथसखा’ वाचनालय इथेच. आणि आख्यायिका म्हणाल तर सुरतेच्या वाटेवर शिवरायांच्या फौजेचे घोडे इथे बदलले जायचे. इतिहासाचा पुरावा मागू नका, दृश्य बघा: रात्र, मशाली, फेसाळलेले घोडे सोडून ताज्या घोड्यांवर झेप घेणारे मावळे, मागे बारवीकडचे काळे डोंगर. बदलापूरच्या एखाद्या पोरीने किंवा पोराने हे पान काढायला घ्यावं. अंबरनाथची भिंत मागच्याच स्टेशनवर आहे, काय पाहिजे ते तिथून उचला.