दऱ्यांचा दर्या होऊ नये म्हणून
ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता कोणालाही वाचता, सुधारता व वाटता येते त्यास मुक्तस्रोत म्हणतात, आणि त्यातील दोष, म्हणजे ‘बग’, ज्या सामाईक वहीत क्रमांकासह नोंदले जातात ती वही म्हणजे बग ट्रॅकर. नेटस्केप कंपनीत १९९८ मध्ये आकारास आलेली बगझिला ही अशा वह्यांपैकी विशेष परिचित असून, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस या दोन्ही प्रकल्पांचे दोष तिच्याच आधारे नोंदले जातात.

मराठीला अशा वहीची गरज का आहे, हे ‘दर्या’ व ‘दऱ्या’ या शब्दांवरून कळते. पहिल्याचा अर्थ समुद्र, दुसऱ्याचा डोंगरांमधील खोलगट प्रदेश. लिखाणात मात्र त्यांना वेगळे करतो तो केवळ रफार किंवा पापणीसारखा अर्धा र. युनिकोडमध्ये हा अर्धा र खाली टिंब असलेल्या ऱ चा पाय मोडून, किंवा साध्या र चा पाय मोडून त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह ठेवून, असा दोन प्रकारे लिहिता येतो. त्यामुळे पडद्यावर एकसारखे दिसणारे शब्दही शोध घेताना एकमेकांशी जुळतीलच असे नाही.

एखाद्या मराठी वाचकाला असा दोष आढळल्यास, ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढी तक्रार पुरत नाही. सॉफ्टवेअरची आवृत्ती, संगणकप्रणाली, टंकाचे नाव, दाबलेल्या कळांचा क्रम, अपेक्षित रूप आणि प्रत्यक्ष रूपाचे चित्र एवढे दिले, तरच दुसऱ्या कोणाला तोच दोष आपल्या यंत्रावर पुन्हा घडवून पाहता येतो.

यानंतरचे काम छाननीचे असते. छाननी करणारा ही नोंद आधी झाली आहे का ते पाहतो, असल्यास दोन्ही जोडतो, आणि हानी किती व घाई किती हे वेगवेगळे ठरवतो. लिब्रेऑफिसमध्ये अक्षरांची जुळणी हार्फबझ ही स्वतंत्र मुक्तस्रोत संहिता करते, तर अक्षराकृती लोहितसारख्या टंकातून येतात. म्हणून दोष नेमका कोठे आहे हे ओळखून तक्रार योग्य प्रकल्पाकडे पोचवावी लागते. ‘दुरुस्त’, ‘पुनरुक्त’ किंवा ‘दोष नव्हे’ असे कारण लिहूनच नोंद बंद करावी, अन्यथा वहीवरचा विश्वास उडतो आणि पुढच्या तक्रारी येईनाशा होतात.

या छाननीतील बऱ्याचशा कामाला प्रोग्रामिंग येण्याची अट नाही. चिकाटी आणि भाषेची जाण पुरते. ‘दऱ्या’ हा शब्द चुकला आहे हे मराठी वाचणाऱ्यालाच प्रथम दिसते, म्हणून ती चूक नोंदवण्याची जबाबदारीही प्रथम त्याचीच आहे.