कुठेही चालणारा व्हिडिओ
फाइलच्या नावातले एमपी४ किंवा एमओव्ही हे फक्त डब्याचे नाव. आतले चित्र कोणत्या कोडेकने दाबून बसवले आहे, यावर ती चालणे ठरते. म्हणूनच घरच्या संगणकावर नीट दिसणारी एमपी४ फाइल सभागृहातल्या जुन्या लॅपटॉपवर नुसता आवाज देते, पडदा काळाच. अशा फाइलीत बहुधा २०१३ साली आलेला एच.२६५ हा कोडेक असतो. तो जागा वाचवतो खरा, पण अनेक विंडोज संगणकांवर त्यासाठी वेगळी जोड बसवावी लागते. २००३ सालचा एच.२६४ मात्र जवळपास सगळीकडे चालतो. एमपी४, एच.२६४, आवाजाला एएसी आणि रंगांसाठी ८ बिट, ४:२:० हीच निवड सर्वांत भरवशाची. तरीही तयार फाइल कार्यक्रमाआधी त्याच संगणकावर एकदा शेवटपर्यंत लावून पाहावी.