जुनी गाडी, नवं इंजिन, आणि नवा गिअरबॉक्ससुद्धा

जुन्या गाडीचं मूळ इंजिन उतरवून तिच्यात पुढच्या पिढीचं इंजिन बसवलं, की त्या गाडीचा जीवच गेला, असं मानणारे पुष्कळ आहेत. भारतात बनलेल्या गाड्यांचा इतिहास मात्र याच्या अगदी उलट साक्ष देतो. १९८४ मध्ये हिंदुस्थान मोटर्सने कॉन्टेसा आणली. तिचा सांगाडा इंग्लंडमधल्या वॉक्सहॉल व्हिक्टरचा, चांगला ऐसपैस, पण इंजिन अँबॅसडरचंच: १४८९ सीसी, जेमतेम ५० अश्वशक्तीचं. गाडी देखणी होती आणि चढावर दमत होती. काही वर्षांतच त्याच सांगाड्यात इसुझूचं १८०० सीसीचं इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स बसला. आज लोक हळहळून आठवतात ती कॉन्टेसा हीच. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला इसुझूची हीच जोडी अँबॅसडरमध्ये आली. मॉरिस ऑक्सफर्डच्या १९५०च्या दशकातल्या आराखड्यावर उभी असलेली ही गाडी आता ७५ अश्वशक्तीवर धावू लागली, आणि २०१४ पर्यंत उत्तरपाड्याच्या कारखान्यातून निघत राहिली. मुंबईच्या प्रीमियर कंपनीनेही ११८ एनईमध्ये हेच केलं. बॉडी फियाट १२४ची, इंजिन आणि गिअरबॉक्स निस्सानचे. याच काळात नेमका उलटा प्रयोग झाला तो स्टँडर्ड २००० या गाडीचा. तिची बॉडी रोव्हर एसडी१ ची, त्या मानाने आधुनिक, तर इंजिन जुन्या व्हॅनगार्ड गाडीच्या वंशातलं. ती गाडी काही वर्षांतच बंद पडली. चांगला जुना सांगाडा नव्या इंजिनाने तरतो, पण थकलेल्या इंजिनाला नवी बॉडी तारू शकत नाही, असं या गाड्यांवरून मला दिसतं.

नवं इंजिन बसवलेल्या या सगळ्या उदाहरणांत इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही बदलला, याकडे सहसा लक्ष जात नाही. त्यामागे आधी यांत्रिक कारण आहे. गिअरबॉक्सची बेल हाउसिंग इंजिनाच्या पाठीला ज्या बोल्टांवर बसते त्यांची मांडणी इंजिनागणिक वेगळी असते, आणि क्लच प्लेट, इनपुट शाफ्ट, क्रँकच्या टोकाचं बेअरिंग ही सगळी मापं एकमेकांत गुंतलेली असतात. जुना गिअरबॉक्स ठेवायचा तर मध्ये खास ॲडॅप्टर बनवावा लागतो, आणि त्यात केसभर चूक झाली तरी बेअरिंग खाल्लं जातं. पण यांत्रिक सोय बाजूला ठेवली तरी माझं मत असं, की या अदलाबदलीतला मोठा लाभ गिअरबॉक्सचाच असतो. जुन्या गाड्यांना चार गिअर, आणि चौथ्यात इंजिन व प्रोपेलर शाफ्ट एकाच गतीने फिरतात. समजा पाचव्या गिअरचं प्रमाण ०.८ आहे. मग चौथ्यात ज्या वेगाला इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत होतं, त्याच वेगाला ते पाचव्यात ३,२०० फेऱ्यांवर येतं. आवाज, उष्णता आणि झीज तिन्ही कमी होतात. जुन्या गाडीला आजच्या महामार्गावर सुखाने ९०च्या वेगाने चालायचं असेल तर तिला शंभर अश्वशक्तीपेक्षा पाचव्या गिअरची गरज जास्त आहे.

म्हणूनच मिळेल ते सगळ्यात ताकदवान इंजिन कोंबण्याच्या हव्यासाला माझा विरोध आहे. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ६० वरून ८५ वर गेलं, की ब्रेकने जिरवायची ऊर्जा दुप्पट होते. प्रीमियरच्या पद्मिनी गाडीचे चारही ड्रम ब्रेक सुमारे ४० अश्वशक्तीच्या गाडीसाठी आखलेले. एका मागोमाग दोन-तीनदा जोरात दाबले की ड्रम तापतात आणि पकड सुटू लागते. पुढे डिस्क ब्रेक बसवल्याशिवाय तिच्यात दुप्पट ताकदीचं इंजिन घालणं हा चालवणाऱ्याच्याच नव्हे, रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या जिवाशी खेळ आहे. ब्रेकमागोमाग क्राउन-पिनियन आणि हाफ शाफ्ट येतात. वाढलेला टॉर्क शेवटी त्यांच्यातूनच चाकापर्यंत पोचतो, आणि कमजोर कडी तिथेच तुटते. रेडिएटर मोठा लागतो. इंजिनाखालचं तेलाचं चेंबर पुढच्या क्रॉस मेंबरला टेकू नये म्हणून कधी ते कापून पुन्हा वेल्ड करावं लागतं. नवं इंजिन इंजेक्शनचं असेल तर इंधन कार्बोरेटरच्या कितीतरी पट दाबाने, साधारण ३ बारने, वाहतं, आणि जुनी रबरी नळी त्या दाबाला टिकत नाही. अनेक आगी अशाच दुर्लक्षित नळीतून आणि उघड्या वायरिंगमधून लागतात. शिवाय आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांची इंजिनं आडवी बसतात आणि पुढची चाकं फिरवतात. अँबॅसडर किंवा पद्मिनीला उभं बसणारं, मागच्या चाकांना ताकद देणारं इंजिन लागतं, जसं मारुती जिप्सीचं किंवा ईकोचं. गाडीच्या जातीला आणि ब्रेकच्या कुवतीला साजेसं इंजिन निवडणं, यातच या कामाचं खरं कसब आहे.

आता मूळपणाचा आक्षेप. तो भावनेतून येतो आणि मला तो आदराने ऐकावासा वाटतो. शंभरेक उरलेल्या दुर्मीळ गाडीचं इंजिन बदलणं मलाही पटणार नाही. केंद्राचे २०२१ चे विंटेज वाहनांचे नियमही ५० वर्षांहून जुन्या गाडीला विंटेज नोंदणी देताना ती मूळ रूपात असावी अशी अट घालतात, आणि ते योग्यच आहे. पण लाखोंनी बनलेल्या, सुटे भाग मिळत नाहीत म्हणून वर्षानुवर्षं सोसायटीच्या आवारात गंजत उभ्या असलेल्या गाडीला संग्रहालयाची अट लावून काय साधतं? गाडीची ओळख कशात आहे, याचा हिशेब ब्रिटनमध्ये २०२५ पर्यंत चक्क गुणांनी होत असे. मोठे फेरफार केलेल्या गाडीला जुना नोंदणी क्रमांक राखायचा तर मूळ चॅसिसला ५ गुण, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २, आणि इंजिनाला फक्त १. चॅसिस अबाधित ठेवून ८ गुण भरले की गाडी तीच. इंजिन हा झिजणारा, बदलता येणारा भाग आहे, हे तिथल्या नियमाने मान्य केलं होतं.

आपल्याकडे कायदा वेगळं सांगतो, आणि तो जाणून न घेता गॅरेजची वाट धरू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे अधोरेखित केलं. परवानगीविना बदललेलं इंजिन म्हणजे अपघातानंतर विम्याच्या दाव्यावरही प्रश्न. चोरीची इंजिनं खपू नयेत, कुणाच्याही हातच्या वेल्डिंगवर लोकांचा जीव टांगू नये, हे या कडकपणामागचे हेतू मला मान्य आहेत. कारखान्याने केलेला बदल चाचण्यांतून गेलेला असतो, गल्लीतल्या गॅरेजचा नसतो, हेही खरं. पण हेच कलम मान्यताप्राप्त किट बसवून गाडी सीएनजीवर किंवा बॅटरीवर न्यायला परवानगी देतं. म्हणजे जुन्या गाडीचं अख्खं इंजिन काढून तिथे मोटर बसवता येते, पण त्या इंजिनापेक्षा स्वच्छ जळणारं नवं पेट्रोल इंजिन बसवता येत नाही. प्रदूषण हा निकष असेल तर हा भेद टिकत नाही. कॅलिफोर्नियाची हवा जपण्याची कडक शिस्त सर्वांना माहीत आहे. तिथे इंजिन बदलता येतं, पण ते गाडीच्या सालचं किंवा त्याहून नवं हवं, त्याची सगळी प्रदूषणनियंत्रक यंत्रणा सोबत बसवलेली हवी, आणि सरकारने नेमलेल्या तपासनिसाने गाडी पाहून पास केलेली हवी. आपल्याकडेही असं करता येईल. किट तपासणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे. मोजक्या जुन्या मॉडेलसाठी इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक आणि वायरिंग यांचा एकत्र संच तिने एकदा तपासून मान्य करावा, नव्या इंजिनाचा क्रमांक त्याच्या खरेदीच्या कागदासह आरटीओने आरसीवर चढवावा, आणि ब्रेक न बदलता इंजिन बदललेल्या गाडीला पासिंग नाकारावं.